टनाचा न्याय

काम अधिक हवे असेल तर कामागणिक दाम द्या, हे सूत्र अलीकडे इतक्या सभांतून, इतक्या अहवालांतून आणि इतक्या शहाण्या माणसांच्या तोंडून ऐकू येते की, ते खरे आहे किंवा नाही असे नुसते विचारणाऱ्यालाही आपण काही अडाणीपणा तर करीत नाही ना, अशी शंका यावी. मास्तराला निकालागणिक, डॉक्टराला रोग्यागणिक, कारकुनाला कागदागणिक पैसे मोजले की आळस आपोआप देशोधडीला लागेल, असे या पक्षाचे म्हणणे आहे. इंग्रजी शब्दांचा लोभ असणारे यालाच ‘इन्सेन्टिव्ह’ म्हणतात. आम्ही जुन्या सरकारी कागदांतला ‘उत्तेजन’ हा शब्द वापरतो. कारण तो आमचा आहे, आणि त्यातले ढोंगही अधिक लवकर ध्यानात येते.

हे सूत्र अंबाजोगाईत बोलले जाते तेव्हा त्याला एक ठरीव दाखला जोडलेला असतो. बोलणारा गृहस्थ बहुधा पगारदार असतो. तो बोट दाखवून सांगतो, ‘आपल्याच जिल्ह्यातला ऊसतोड मजूर पाहा. गावात असताना हाच माणूस पारावर बसलेला दिसतो. कारखान्यावर गेला की पहाटे चारला उठून रात्री नवापर्यंत खपतो. का? तर तिथे टनावर पैसे मिळतात. उद्या आमच्या कचेरीत टनाचा न्याय लावा, म्हणजे कोण किती पाण्यात आहे ते कळेल.’ यावर श्रोते माना डोलावतात. आम्हीही पुष्कळ दिवस डोलावली. दाखला घरचा होता आणि खपण्याविषयी त्यातली हकीकत खोटी नव्हती. खोटी होती ती ‘का’ या प्रश्नाची फोड.

म्हणून प्रथम हा टन कसा तुटतो तेच पाहू. दसऱ्याच्या सुमारास बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून, म्हणजे केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टी आणि आमच्याही तालुक्यातून, ट्रॅक्टर भरभरून माणसे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरकडे व पुढे कर्नाटकात जातात. मोजणीचे परिमाण माणूस हे नाही. ते आहे ‘कोयता’. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. एकटा आला तर तो अर्धा कोयता. आमच्या भाषेत माणसाचे नाव हत्याराला जावे यात नवल नाही. पण दोन माणसे मिळून एक हत्यार व्हावे, हे मात्र इथेच पाहावे. नवरा उसाच्या फडात बुडख्याशी वाकून तोडतो, वाढे छाटतो. बायको गोळा करते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते आणि फळीवरून चढून भरते. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरावी लागते. मग कोपीत येऊन चूल पेटवायची तीही बहुधा बायकोनेच. या चुलीला टनाचा दर नाही.

दर किती? २०२४ च्या जानेवारीत पुष्कळ वाटाघाटींनंतर तोडणीचा दर शेकडा ३४ ने वाढला. टनामागे सुमारे २७३ रुपये होता, तो ३६६ झाला. मुकादमाचे कमिशन वेगळे, ते शेकडा वीसच्या आसपास. चांगल्या उसात, चांगल्या हवेत, अंगात ताप नसताना एक जोडी दिवसाला दीड ते दोन टन तोडते. म्हणजे दोन माणसांच्या पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या खपण्याचे साडेपाचशे ते सव्वासातशे रुपये झाले.

परंतु या हिशेबात सर्वात महत्त्वाचा आकडा अजून आलेलाच नाही. तो आहे उचलीचा. हंगाम सुरू होण्याआधी, पावसाळ्याच्या अखेरीस, घरात दाणा आणि हातात काम नसते अशा वेळी, मुकादम जोडीला आगाऊ रक्कम देतो. ही पन्नास हजार असते, लाख असते, कधी त्याहूनही अधिक. मुलीचे लग्न, सासऱ्याचे आजारपण, मागच्या वर्षीचे देणे यांत ती महिन्याभरात संपते. आता वाचकांनी पाटी घ्यावी. एक लाखाची उचल ३६६ च्या दराने फेडायची तर २७३ टन ऊस तोडला पाहिजे. दिवसाला दोन टन या दराने, एकही दिवस न चुकता, १३७ दिवस; म्हणजे साडेचार महिने. हंगाम पाचेक महिन्यांचा. दीड टनच पडला तर १८२ दिवस लागतात, आणि तेवढा हंगाम बहुधा नसतोच. उरलेली बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर चढते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाच्या टोळीत जाणे भाग पडते.

तेव्हा आमच्या पगारदार मित्राला एकच प्रश्न विचारावयाचा आहे. पहाटे चारला उठणारा तो मनुष्य अधिक पैसा मिळेल म्हणून उठतो, की खर्च होऊन गेलेला पैसा फिटावा म्हणून उठतो? या दोन गोष्टींत मनुष्याच्या मनोव्यापारांच्या दृष्टीने जमीनअस्मानाचे अंतर आहे. उत्तेजन म्हणजे पुढे ठेवलेली वस्तू. जो ती घेईल त्याला ती मिळावी, जो न घेईल त्याला नुसती न मिळावी; न घेतल्याबद्दल शिक्षा होऊ नये. ‘आज अंग दुखते, आज एकच टन तोडीन, माझे नुकसान मला सोसेल’ असे ज्याला म्हणता येते, त्याच्याच बाबतीत टनामागचा रुपया हे उत्तेजन ठरते. ज्याला तसे म्हणता येत नाही त्याच्या बाबतीत तोच रुपया हा कर्जफेडीचा हप्ता असतो. सावकाराने हप्त्याला बक्षीस म्हटले तर आपण हसू. कारखानदारीत तेच झाले की त्यावर व्याख्याने देतो!

हा दर माणसाला हुरूप यावा म्हणून ठरलेला आहे, ही समजूतही अशीच भाबडी आहे. ऊस तोडणारी यंत्रे आता फडात उतरली आहेत आणि यंत्राच्या तोडणीला टनामागे माणसापेक्षा अधिक दर मिळतो, ही मजूर संघटनांची तक्रार प्रत्येक वाटाघाटीत असते. दराचा संबंध हुरुपाशी असता तर लोखंडाला अधिक पैसे देण्याचे प्रयोजन काय? यंत्राला काही पहाटे उठण्याचा कंटाळा नसतो. खरी गोष्ट अशी की, दर ठरतो तो कोणाच्या मागे कोण उभे आहे यावरून. यंत्राच्या मागे भांडवल आणि बँक उभी असते. कोयत्याच्या मागे उचल उभी असते.

अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाचा एक इंजिनिअर होऊन गेला. हे सगळे सूत्र शास्त्र म्हणून मांडण्याचा मान त्याला देतात. १८९९ च्या सुमारास बेथलहेमच्या पोलाद कारखान्यात लोखंडाचे ठोकळे गाडीत भरणाऱ्या मजुरांवर त्याने प्रयोग केला आणि १९११ च्या आपल्या ग्रंथात त्याची हकीकत मोठ्या फुशारकीने सांगितली. त्याच्या सांगण्याप्रमाणे, दिवसाला साडेबारा टन वाहणारा एक मजूर उत्तेजनामुळे साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला आणि त्याची मजुरी एक डॉलर पंधरा सेंटांवरून एक डॉलर पंच्याऐंशी सेंटांवर गेली. या हकीकतीच्या खरेपणाविषयी पुढील अभ्यासकांनी बऱ्याच शंका काढल्या आहेत. त्या क्षणभर बाजूला ठेवू आणि टेलरसाहेबांचाच शब्द प्रमाण मानू. काम पावणेचार पटींहून अधिक झाले, मजुरी शेकडा साठ वाढली. मधला फरक कोणाच्या खिशात गेला हे सांगायला गणितज्ञ नको. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांतून हा प्रयोग शंभर वर्षांवर शिकवला जात आहे, आणि आमच्या फडांतला दाखला हा त्याचाच देशी अवतार आहे.

येथवरचा वाद पैशाचा होता. आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना लेखणी जड होते. पण ते सांगितल्यावाचून टनाच्या न्यायाचा निवाडा पुरा होत नाही.

तोडणीच्या व्यवहारात ‘खाडा’ नावाचा एक शब्द आहे. कामावर न गेलेला दिवस म्हणजे खाडा. टनावर मजुरी असल्यामुळे त्या दिवशीची मजुरी बुडते हे उघडच आहे. पण पुष्कळ ठिकाणी त्यावर दंडही बसतो. २०१९ साली हे प्रकरण वर्तमानपत्रांतून गाजले तेव्हा दिवसाला पाचशे रुपये असा दंडाचा आकडा पुढे आला होता. आता बाईचे शरीर महिन्यातून काही दिवस खाडा मागते. फडात आडोसा नाही, पाणी नाही, न्हाणी नाही. जड मोळ्या वाहून ओटीपोट दुखते, अंगावर पांढरे जाते; ही दुखणी तिथे घरोघरची आहेत, म्हणजे कोपोकोपीची आहेत. अशी बाई हंगाम संपल्यावर आपल्या गावाजवळच्या दवाखान्यात जाते. तिथे तिला सांगण्यात येते की, पिशवी काढून टाक, नाहीतर कर्करोग होईल. ती घाबरते, आणि घरातला हिशेबही तेच सांगतो. दर महिन्याचे खाडे वाचतील, मुले तर झालेलीच आहेत. शस्त्रक्रियेसाठी पुन्हा उचल घ्यायची आणि पुढचा हंगाम ती उचल फेडण्यात घालवायचा.

हे आम्ही रंगवून सांगत नाही. २०१९ च्या जूनमध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशये काढण्यात आली. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड करणाऱ्या बायकांची पाहणी झाली. त्यांतील १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. सहांत एक! देशाच्या २०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण शेकडा ३ च्या थोडे वर होते. दोन्ही पाहण्यांचे वयोगट तंतोतंत जुळत नाहीत हे मान्य. पण तीन आणि सतरा यांमधले अंतर वयोगटाने भरून निघणारे नाही. या शस्त्रक्रियांपैकी प्रत्येक अनावश्यक होती असेही कोणी म्हणू नये. काहींचे प्राण तिने वाचवले असतील. परंतु सहांत एक, आणि त्यांत पुष्कळ पस्तिशीच्या आतल्या, हे कोणत्याही रोगाचे लक्षण नाही. हे व्यवस्थेचे लक्षण आहे.

त्या व्यवस्थेत दोन उत्तेजने होती, हे या प्रकरणावर अश्रू ढाळणाऱ्यांच्याही लक्षात आले नाही. बाईला टनावर पैसे मिळत होते आणि खाजगी वैद्याला शस्त्रक्रियेवर. पहिल्या उत्तेजनाने तिच्या मनात शरीराविषयी घाई उत्पन्न केली, दुसऱ्याने त्याच्या मनात सल्ल्याविषयी. दोन्ही ठिकाणी, आमच्या मित्रांच्या भाषेत सांगायचे तर, ‘कार्यक्षमता’ वाढली. तोडणी वाढली, शस्त्रक्रिया वाढल्या. दोन्ही उत्तेजनांनी जे मागितले होते ते अगदी चोख पुरवले गेले. जे मागितले नव्हते, म्हणजे ती बाई चाळिसाव्या वर्षी कशी जगेल, ते कोणाच्याच दरपत्रकात नव्हते. आणि सरकारने उपाय काय केला? खाजगी दवाखान्याने गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घ्यावी, असा निर्बंध घातला. म्हणजे ज्याला शस्त्रक्रियेमागे काही मिळत नाही, जो महिन्याच्या पगारावर आहे, अशा मनुष्याच्या सहीवर शेवटी विश्वास ठेवावा लागला. पगारदाराची टवाळी करणाऱ्यांनी या एका सहीचा अर्थ नीट लावावा.

अंबाजोगाईतच १९७४-७५ च्या सुमारास स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. त्याच्या रुग्णालयात आमच्या चार तालुक्यांतली माणसे येऊन पडतात. तिथल्या गर्दीविषयी तक्रार नसलेले एकही घर या गावात नसेल. त्या तक्रारींत तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु ‘काही करण्याची गरज नाही, घरी जा’ हे चार शब्द उच्चारल्याने ज्याचे एका पैशाचेही नुकसान होत नाही, असा वैद्य गावात असणे ही केवढी चैन आहे, हे त्या कोयत्यातल्या बाईला विचारावे.

आता प्रतिपक्षाची बाजूही त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडली पाहिजे. दुबळा करून पाडलेला पैलवान हा काही विजय नव्हे. उत्तेजनाने काम वाढते याला भक्कम पुरावे आहेत. अमेरिकेतील सेफलाइट नावाच्या कंपनीत मोटारींच्या काचा बसवणाऱ्या कारागिरांना तासाच्या पगाराऐवजी काचेगणिक दर देण्यात आला. एडवर्ड लेझिअर या अर्थशास्त्रज्ञाने २००० साली दाखवून दिले की, दरडोई काम शेकडा ४४ ने वाढले. अर्थात त्यातला सुमारे निम्मा भाग जुन्या माणसांनी हात चालवल्याचा होता आणि उरलेला चपळ माणसे नव्याने येऊन टिकल्याचा. तरी निम्मेही थोडे नव्हे. राजस्थानात उदयपूरकडे एका संस्थेने आपल्या मास्तरांचा पगार हजेरीच्या दिवसांशी बांधला आणि हजेरी छायाचित्राने तपासली, तेव्हा गैरहजेरी शेकडा ४२ वरून २१ वर आली. आंध्रातही मुलांच्या प्रगतीवर मास्तरांना बक्षीस दिले तेव्हा मुले गणितात व भाषेत खरोखर पुढे गेली. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी हा प्रयोग मोठ्या काळजीने केला. हे सर्व खरे आहे.

पण जरा जवळ जाऊन पाहिले म्हणजे काय दिसते? सेफलाइटमध्ये वाईट बसवलेली काच फुटली तर ती त्याच कारागिराला पुन्हा बसवावी लागे. खराब कामाचे पाप ज्याचे त्याच्या पदरात पडत होते. आंध्रात बक्षीस हे भरपूर स्थिर पगारावर शिंपडलेले होते, सरासरी पगाराच्या शेकडा ३ इतके. मास्तराची चूल त्यावर पेटायची नव्हती. उदयपुरास मोजले गेले ते हजर राहणे, आणि हजर राहणे ही गोष्ट छायाचित्राने मोजता येते. सारांश, काम एकपदरी असावे, त्याचे बरेवाईटपण उघडे दिसावे, बिघडले तर करणाऱ्यावर परतावे, आणि बक्षीस गेले तरी माणूस उपाशी राहू नये. इतक्या अटी पाळल्या गेल्या तर उत्तेजन हे निर्दोष, किंबहुना चांगले हत्यार आहे. आमच्या गावातले वक्ते दाखला घेतात तो मात्र नेमका असा, की ज्यात यांपैकी एकही अट पाळलेली नाही.

हा वाद आम्ही प्रथमच घालीत आहोत असेही नाही. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो याने शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेवर लावले. मॅथ्यू आर्नल्ड, कवी म्हणून आपल्याकडे परिचित असलेला, तेव्हा शाळा-तपासनीस होता. त्याने आपल्या अहवालांतून या पद्धतीवर कोरडे ओढले. मुले वाचनाचे पुस्तक आरंभापासून अखेरपर्यंत पाठ करीत आणि तपासनीस आला की पुस्तक डोळ्यांपुढे धरून खडाखडा म्हणत. अनुदान मिळे, वाचन मात्र येत नसे. तीस-पस्तीस वर्षांनी इंग्लंडने ही पद्धत गुंडाळली. दरम्यान ती मुंबई इलाख्यात येऊन पोचली होती आणि १८८२ च्या हंटर आयोगापुढे तिची चौकशी झाली.

त्या आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी दिलेले निवेदन आमच्या शिक्षणवेत्त्यांनी पुन्हा वाचावे. निकालावर अनुदान ही पद्धत ज्या लोकांत विद्येची गोडीच अजून उत्पन्न झालेली नाही, त्यांच्या प्राथमिक शाळांना उपयोगी नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. पण मास्तराला उत्तेजनच नको असे ते म्हणाले नाहीत. आधी त्याला पुरेसा ठरीव पगार द्या, महिना बारा रुपयांच्या खाली नको, आणि मग त्यावर परीक्षेच्या निकालाप्रमाणे वेगळा भत्ता द्या, अशी त्यांची मांडणी होती. आधी भाकरी, मग मीठ. आंध्रातल्या विद्वानांनी सव्वाशे वर्षांनी जो निष्कर्ष मोठ्या खर्चाने सिद्ध केला, तो फुल्यांनी दोन वाक्यांत मांडून ठेवला होता. आमची खोड अशी की, आम्ही मीठ उचलले आणि भाकरी विसरलो.

इतके वाचून कोणी सज्जन म्हणतील, ‘अगदी खरे! पैशाने कुठे खरे काम होते? आमच्या अंबाजोगाईची परंपराच निरपेक्ष सेवेची.’ हे सज्जन आम्हाला त्या पगारदार मित्राहून अधिक धोक्याचे वाटतात. निजामी अमलात या गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद होते, तेव्हा स्वामी रामानंद तीर्थ येथील योगेश्वरी शाळेत शिकवीत. ही आठवण आम्हालाही पूज्य आहे. परंतु संन्याशाने ज्या अल्पावर दिवस काढले, ते अल्प आजच्या संसारी मास्तराचे वेतन म्हणून बांधून देणे याला सेवा म्हणत नाहीत. त्यागाची गोष्ट ही ज्याने त्याग केला त्याने सांगावी, ज्याचे त्या त्यागात पैसे वाचतात त्याने सांगू नये. दासोपंतांची कथा येथे पोरेही जाणतात. सव्वा लाख ओव्यांचा गीतार्णव ज्याने लिहिला, पासोडीवर ज्याने पंचीकरण लिहिले, त्या पुरुषाला रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. भाविक या आख्यायिकेतून ग्रंथाचा विस्तार काढतात. आम्हाला तिच्यात दुसरीच गोष्ट दिसते. दासोपंतांना ओवीमागे पैसे कोणी दिले नाहीत हे खरे. पण रोजची शाई कोणीतरी नियमाने पुरवीत होते, आणि आज किती ओव्या झाल्या असे विचारून पुरवीत नव्हते.

या सज्जनांच्याच देखरेखीखाली आज महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक राबतो. त्याला पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे. सुटी आली की मिळकत बंद. परीक्षा आल्या, संमेलन आले, निवडणूक आली की तास बुडाला आणि दामही बुडाले. उसातल्या खाड्याहून यात वेगळे काय आहे? पांढऱ्या सदऱ्यातला हा कोयताच आहे, फक्त याला उचल मिळत नाही. तासागणिक पैसे मिळतात म्हणून तो अधिक उत्साहाने शिकवतो असे कोणाच्या पाहण्यात असेल तर त्याने पुढे यावे. आमच्या पाहण्यात तो तास संपताच दुसऱ्या महाविद्यालयाच्या एस. टी. साठी धावताना येतो. वर्गाच्या दाराशी एखादा मुलगा शंका घेऊन उभा असतो. त्या शंकेला दर नाही, म्हणून ती उद्यावर जाते. आणि मुलगा शहाणा असेल तर परवापासून शंका काढीत नाही. आमच्या मध्यमवर्गीय घरांतून पुष्कळ मुली-मुलगे आता याच वाटेने जात आहेत. ज्यांना कोयत्याची गोष्ट परकी वाटते त्यांनी आपल्या जावयाचा किंवा सुनेचा नेमणूकपत्राचा कागद एकवार उलगडून पाहावा.

गावोगावच्या आशाताईंची कथा याहून फार निराळी नाही. २००५ नंतर त्या नेमल्या गेल्या त्याच मुळी कामागणिक मोबदल्यावर. बाळंतपण दवाखान्यात नेले तर इतके, लस टोचवली तर तितके. २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये त्यांनी संप केले. त्यांचे मागणे वाचले तर दिसते की, त्यांना अधिक उत्तेजन नको होते. त्यांना महिन्याच्या महिन्याला येणारी ठरीव रक्कम हवी होती. उत्तेजनावर ज्यांनी पंधरा-सोळा वर्षे काढली त्यांचे हे मत आहे. उत्तेजनावर ज्यांनी नुसती व्याख्याने दिली त्यांच्या मतापेक्षा आम्ही ते वजनदार मानतो.

मोठी रक्कम लावली तर मोठे काम होईल, हा समजही असाच तपासून पाहिला गेला आहे. २००९ मध्ये डॅन अरियली व त्याच्या सहकाऱ्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातला एक प्रयोग आपल्याच देशात, मदुराईकडच्या खेड्यांत झाला होता. स्मरणाचे, हस्तकौशल्याचे, बुद्धीचे काही खेळ लोकांना दिले. कोणाला लहान बक्षीस, कोणाला मध्यम, आणि कोणाला इतके मोठे की, सगळे जिंकले तर खेडुताच्या सहा महिन्यांच्या खर्चाइतके व्हावे. लहान व मध्यम बक्षिसांचे लोक बरोबरीने खेळले. मोठ्या बक्षिसाचे लोक सर्वांत वाईट खेळले. हात कापू लागल्यावर दुसरे काय होणार?

राहिला एक प्रश्न, आणि तो आम्हाला टाळावयाचा नाही. ‘मग आळशी कारकुनाचे काय करावे? खिडकीपाशी तीन वेळा हेलपाटे घालायला लावणारा तो गृहस्थ स्थिर पगारावरच आहे ना?’ आहे. परंतु त्याच्याकडे आपले काम अडलेले असते ते त्याला कागदामागे पैसे मिळत नाहीत म्हणून नव्हे. बऱ्याच ठिकाणी ते मिळतात म्हणूनच अडलेले असते, हे आपण सर्व जाणतो. फक्त तो दर सरकारी नसतो. त्या खिडकीला उत्तेजनाची नाही, वरिष्ठाच्या डोळ्याची आणि तक्रारीच्या वहीची गरज आहे. कागद कोणत्या तारखेला आला आणि कोणत्या तारखेला गेला हे दारावर लिहून लावावे. ज्याच्याकडे तो कारणावाचून पडून राहिला त्याला जाब विचारावा, दुसऱ्यांदा पडला तर वेतनवाढ रोखावी. याला पैसा लागत नाही, धैर्य लागते. आणि धैर्य नसले की उत्तेजनाची योजना सुचते.

आणि ज्यांना टनाचाच न्याय प्रिय आहे त्यांनी तो निदान टनापुरता तरी खरा करून दाखवावा. उचल मुकादमाच्या हातून न जाता बँकेतून जावी. तिचा आणि टनांचा हिशेब जोडीतल्या दोघांच्या, नवऱ्याच्या आणि बायकोच्याही, नावाने वेगवेगळा लिहिला जावा. तोडलेल्या उसाची काट्यावरची पावती तोडणाऱ्याच्या हातात पडावी. महिन्यातले चार दिवस खाड्यात धरू नयेत आणि त्या दिवसांचा ठरीव रोज बाईला मिळावा. इतके झाल्यावरही ती जोडी पहाटे चारला उठून दोन टन तोडील की दीड टनावर कोयता खाली ठेवील, हे पाहण्यासाठी आम्ही आमच्या पगारदार मित्राबरोबर एक हंगाम फडावर येऊन राहायला तयार आहोत. त्याने रजेचा अर्ज टाकावा. त्याची रजा भरपगारी असेल, हे आम्हाला ठाऊक आहे.